दमणचा आजा

त्या बाईंनी माझ्या गळ्यातली निळी फीत वर ओढली तेव्हा ती अंबाड्याच्या आकड्यात अडकली. त्यांनी ती सोडवली नाही. एक हिसका दिला. आकडा निघाला, केस सुटले आणि सगळा हॉल हसला.

मी पंधरा वर्षांची होते. अंगावर आजीचं लाल चौकड्याचं नऊवारी लुगडं. दोहातल्या एका मोठ्या इंटरनॅशनल शाळेत 'युरोप दिवस' होता. आमच्यासारख्या चार-पाच इंडियन शाळांतली मुलं पाहुणी म्हणून बोलावली होती. फाटकातून आत शिरताना प्रत्येकाच्या गळ्यात निळी फीत घातली, तिच्यावर सोनेरी तारे. शेवटी त्या शाळेतल्या या बाईंनी माईक हातात घेऊन एक खेळ सांगितला. नागरिक कोण? जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. ज्यांच्या घरात युरोपातल्या देशाचा पासपोर्ट आहे त्यांनी पट्टीच्या अलीकडे यायचं. बाकीच्यांनी फिती परत द्यायच्या आणि पाहुणे म्हणून पलीकडे उभं राहायचं.

मी अलीकडे गेले. नागरिकांच्या रांगेत.

"यू टू, स्वीटहार्ट?" बाई म्हणाल्या.

मी म्हणाले, आमचं आडनाव पोर्तुगीज आहे.

त्यांनी माझ्या छातीवर लावलेली नावाची चिठ्ठी वाचली. मग हसल्या. "दॅट्स नॉट युअर नेम, डार्लिंग. इट वॉज जस्ट लेफ्ट विथ यू." ते तुझं नाव नाही, बाळ. ते नुसतं तुमच्याकडे राहून गेलंय.

आणि मग तो हिसका.

आमच्या सोशल स्टडीजच्या मिस मागून कुजबुजल्या, "से थँक यू."

मी थँक यू म्हटलं. केस तोंडावर आलेले, हातात आकडा, आणि मी थँक यू म्हटलं. त्या बाईंना मी केव्हाच सोडून दिलं. त्या थँक यूला नाही. ते माझं होतं.

पोर्तुगाल मला आडनावावरूनच मिळाला होता. साल दोन हजार, मी नववीत. मिसनी हजेरीपट उघडून देश वाटले. कोणाला फ्रान्स, कोणाला इटली. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "यू आर ऑलरेडी पोर्तुगीज, नो?" मी मान डोलावली. घरात मी तेच ऐकत आले होते.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. मराठी बोलणारे, मराठीत प्रार्थना म्हणणारे. पप्पा रास लफानला गॅसच्या प्लँटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते, मम्मी हॉस्पिटलात नर्स. दोहाच्या बिन महमूद भागात दोन खोल्यांचा फ्लॅट. पहाटे साडेचारला कंपनीची बस पप्पांना कोपऱ्यावरून उचलायची. संध्याकाळी परत यायचे तेव्हा कपाळावर हेल्मेटचा वळ असायचा आणि तो जेवण होईपर्यंत जायचा नाही.

मिसनी सांगितलं, आपापल्या देशाच्या पोशाखात या. पोर्तुगालच्या बायका काय नेसतात, आम्हाला कुठे ठाऊक? मम्मीने ट्रंक उघडून आजीचं लुगडं काढलं.

"हे तर आपलं झालं," मी म्हटलं.

"आपलं म्हंजे त्यांचंच ना. त्यांच्या टायमापासून चालत आलंय," मम्मी म्हणाली.

तिने मला ते नेसवलं. पाच ठिकाणी पिना टोचल्या. पप्पांनी फोटो काढला आणि म्हणाले, "आता कशी शोभली आमची पोर्तुगीज बाय."

आता हसू येतं. ते लुगडं वसईच्या बागायतदार बायांचं. केळीच्या वाफ्यात गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या बायांचं. पोर्तुगीजांनी ते आणलं नाही, नेलं नाही. आमच्याकडे जे सगळ्यात अस्सल आमचं होतं, तेच आम्ही त्यांचं म्हणून मिरवायला नेलं. अशी चूक वसईचाच माणूस करू जाणे. त्या हॉलमध्ये दोघी-तिघी गोऱ्या आया मला म्हणाल्यासुद्धा, किती सुंदर इंडियन साडी. मी म्हणाले, नो, पोर्तुगीज. त्या एकमेकींकडे बघून पुढे सरकल्या.

घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं," मी म्हणाले.

लुगडं घडी करून ट्रंकेत गेलं. त्यातली एक पीन हरवली म्हणून मम्मी करवादली. मी शोधायचं नाटक केलं.

पुढच्या आठवड्यापासून मी मधल्या सुट्टीत लायब्ररीत बसायला लागले. अभ्यासाची आवड म्हणून नव्हे. लाजेने. कोण मला त्या पट्टीच्या पलीकडे ढकलू शकतं, कोणत्या नियमाने, हे मला बघायचं होतं. पुस्तकं होती, शिवाय नव्याने आलेला एकच इंटरनेटवाला कॉम्प्युटर. मी वाचत गेले. युरोपातल्या ज्या देशांनी आपसांत संघ केलाय, त्यातल्या कुठल्याही एकाचा नागरिक तो सगळ्या युरोपचा नागरिक. कुठेही राहावं, कुठेही शिकावं, कुठेही काम करावं. वाचताना मला ते फार मोठं वाटलं. ज्यांनी एकमेकांची शहरं बेचिराख केली होती, त्यांनी एकमेकांना आपापली दारं उघडून दिली. आजही ते मला मोठंच वाटतं. खोटं कशाला बोलू?

मग माझ्यापुरतं जे हवं होतं ते सापडलं. गोवा, दमण, दीव एकसष्ट सालापर्यंत पोर्तुगालकडे होते. तिथे त्या काळात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना, नातवंडांना हक्क होता. वसई? वसईचा किल्ला मराठ्यांनी सतराशे एकोणचाळीसला घेतला. पप्पांना त्यांच्या शाळेत हा धडा होता. पप्पा तो छाती फुगवून सांगायचे, गुरुजींनी शिकवला होता तसाच. किल्ला आपण घेतला, असं म्हणायचे. आपण. आणि त्याच तोंडाने दुसऱ्या दिवशी म्हणायचे, आपण मूळचे पोर्तुगीज. दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहत होत्या आणि भांडत नव्हत्या. मला मात्र त्या दिवसापासून भांडण लागलं.

त्याच दिवाळीत आम्ही मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला गेलो. गाणी, फराळ. मम्मी चकल्यांच्या ताटापाशी कोणाशी तरी बोलत होती. पुण्याच्या एक बाई आल्या, नवरा मोठ्या हुद्द्यावरचा इंजिनिअर. आडनावं विचारून झाली. आमचं ऐकून त्या थबकल्या. "अय्या, आणि मराठी किती शुद्ध बोलता हो तुम्ही. कुठे शिकलात?"

"घरी," मम्मी म्हणाली आणि हसली.

परतताना गाडीत मम्मी उद्याच्या ड्युटीचंच बोलत होती. मला कळलं, हे तिला नवं नव्हतं. मराठी आम्हाला कोणी येऊन शिकवलेली नाही. आमच्या पणजीला दुसरी भाषाच येत नव्हती. पण आमची मराठी तपासून पसंत करायचा अधिकार त्या बाईंना कोणी तरी दिलेला होता, आणि मम्मी हसून तो मान्य करून आली होती. माझ्या थँक यूसारखी.

दोन वर्षं गेली. मी अकरावीला आले. पप्पांच्या शिफ्टमध्ये गोव्याचे एक गृहस्थ होते. दोघे एकाच वर्षी कतारला आले, मेसमध्ये एकाच बाकावर डबा खायचे. ते रजेवर गोव्याला गेले आणि परतले ते पोर्तुगालच्या पासपोर्टवर. माणूस तोच. हातातला स्पॅनर तोच. पण कंपनीने कागद नवे केले. त्यांचं जेवण दुसऱ्या मेसमध्ये गेलं, बिऱ्हाड पोहण्याचा तलाव असलेल्या कंपाउंडमध्ये गेलं. मुलगा शिकायला लंडनला जाणार होता, तिथल्याच मुलांइतकी फी भरून.

पप्पांनी हे जेवताना सांगितलं. हेवा नव्हता आवाजात. उलट उजळले होते. "आपलं पण नाव तसंच हाय. बाप्तिस्म्याचे दाखले काढू वसईच्या चर्चमधून. बाय, तुला पण लंडनला धाडू."

मी सांगून टाकलं. दोन वर्षं गिळून ठेवलेलं सगळं. एकसष्ट साल. दमण. गोवा. वसई नाही. आणि तो खेळ, ती फीत, तेही.

पप्पा भात कालवत होते. हात थांबला. "तू दोन वर्षं बोलली नाय," एवढंच म्हणाले. मग उठून हात धुतला. ताटात भात तसाच राहिला.

मला वाटलं, संपलं. पण बापाच्या डोक्यात पोरीचं शिक्षण घुसलं की ते असं संपत नाही. पंधरा दिवसांनी ते मला एका एजंटकडे घेऊन गेले. आमच्याच गल्लीत, रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर. मुंबईचा माणूस, कामं पटापट उरकणारा. पप्पांनी वसईचे दाखले पुढे केले. त्याने ते उघडलेही नाहीत.

"अंकल, वसई का कुछ नहीं होता. दमण का एक आदमी चाहिए."

त्याच्याकडे माणूस होता. खणातून त्याने एका बाप्तिस्म्याच्या दाखल्याची झेरॉक्स काढली. दमणमध्ये जन्मलेला, आमच्याच आडनावाचा. कधीचाच वारलेला. मूलबाळ नाही. विचारायला येणारं मागे कोणी नाही. हा माणूस पप्पांचा बाप होणार होता. बाकीचे कागद एजंट त्याच्याशी जुळवून देणार होता.

"और हमारा बाप?" पप्पांनी विचारलं.

"वो पेपर में नहीं है. खलास."

माझा आजा, पप्पांचे वडील, तेव्हा वसईत जिवंत होता. केळीची बाग शिंपत होता. केळी वाळवून सुकेळी करत होता आणि कोणी दोहाला निघालं की पत्र्याच्या डब्यात भरून आमच्यासाठी पाठवत होता.

एजंटने मग माझ्याकडे बघितलं. पप्पांनी त्याला सांगितलं होतं, मुलगी युरोपबद्दल खूप वाचते. तो म्हणाला, फाइलला वजन यायला मुलीच्या हाताने एक पान जोडू. दमणच्या आजोबांनी काय काय सांगितलं. पोर्तुगीजांच्या वेळी घर कसं होतं. आजोबा कोणती गाणी म्हणायचे. "थोडा यादें डालो. दिल से."

त्याला कागद पुरत नव्हते. त्याला आठवणी हव्या होत्या.

मी लिहायला बसले. हे मला इथे सांगितलंच पाहिजे, कारण नाही तर मी या गोष्टीत फार चांगली दिसेन. मी लिहायला बसले आणि मला ते लिहिता आलं. शुक्रवारची सकाळ होती, मम्मी ड्युटीवर, पप्पा बाजारात. मी दमण कधी पाहिलेलं नव्हतं. तरी पहिल्याच ओळीत तो म्हातारा ओसरीवर येऊन बसला. समोर समुद्र होता. त्याला खोकला दिला मी. पांढरी पँट दिली. उजव्या हाताचं एक बोट वाकडं दिलं. तो मला मांडीवर घेऊन पोर्तुगीज शिपायांच्या बिगुलाची नक्कल करायचा, असं लिहिलं. अर्धं पान भरलं. एकदाही पेन अडलं नाही. वाचून मलाच गहिवरून आलं. जो माणूस मला कधी भेटला नाही, ज्याला मुलंच झाली नाहीत, त्याच्या आठवणीने माझे डोळे भरले.

तेवढ्यात फोन वाजला. शुक्रवारी दुपारच्या आधी वसईहून फोन यायचा. आजाच होता.

"बाय, काय करतेस?"

समोर कागद. कागदावर दुसरा आजा खोकत होता.

"लिहिते," मी म्हणाले.

"काय लिवतेस?"

"आजा, आपण पोर्तुगीज का?"

तो हसला. मग खरंच विचार करून बोलला. "ते कवाच गेले, बाय. ते यायच्या आदी आपण बाग शिंपत होतो, ते गेले तवा पण शिंपत होतो. अजून शिंपतोय. सुकेळी मिळाली का?"

मिळाली म्हटलं. त्याने फोन ठेवला. दूरचा फोन त्याला नेहमी घाईत ठेवायचा असायचा.

एका जिवंत माणसाला मी कागदावर पुरत होते आणि एका मेलेल्याला उठवत होते. आणि का? तर कोणी तरी मला पट्टीच्या अलीकडे उभं राहू द्यावं म्हणून. त्या बाईंनी फीत काढली ती जबरदस्तीने. इथे मी स्वतःच्या हाताने काढत होते. आजाची. आणि वर माझं अक्षर चांगलं म्हणून शाबासकी मिळणार होती.

दुसरा कागद घेतला. त्यावर आजाचं नाव लिहिलं. वसई लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, धंदा लिहिला. केळीबाग. लिहिलं की हा माणूस जिवंत आहे, याला पोर्तुगीज येत नाही, याच्या आडनावाची गोष्ट याला ठाऊक नाही आणि त्यावाचून याचं काही अडलेलं नाही. मी याची नात आहे. इंग्रजीत लिहिलं, मोठ्या अक्षरात. खाली सही केली. माझी पहिली मोठी सही ती.

पप्पा भाजी घेऊन आले. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी आधी ते अर्धं पान वाचलं. मग हे.

"हे देऊन काय होणार?" त्यांनी विचारलं.

"काय नाय होणार."

"मग लिवलंस कशाला?"

"पप्पा, आजा जिवंत हाय. आत्ता फोन आलेला त्याचा."

संध्याकाळी मम्मीला कळलं तेव्हा ती भडकली. युनिफॉर्मवरच होती अजून. "कोणासाठी करतात ते सगळं? त्यांना जायचंय का लंडनला? पेपरवर लिवलं म्हणून काय म्हातारा मरणार हाय? देवाला ठाऊक हाय ना कोण कोणाचा बाप."

मी म्हणाले, "मी नाय लिहिणार."

"शिक मग इथंच. बस."

"बसते."

पप्पा मध्ये पडले नाहीत. ते खिडकीपाशी बूट पुसत होते. दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टचे. पुसून झाले तरी पुसत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बरोबर हायेस. पण मला वाटलं होतं, तू तरी जाशील."

एवढंच. त्यांनी एजंटला नकार कळवला. त्यानंतर युरोप हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. ते आणखी सहा वर्षं त्याच बसने गेले, त्याच मेसमध्ये जेवले. गोव्याचे गृहस्थ त्यांना प्लँटवर भेटायचे, हात करायचे. बाकावर मात्र पप्पांनी डबा एकट्याने खाल्ला. हे त्यांनी नाही सांगितलं. त्यांच्या शिफ्टमधल्या एकाने मम्मीला सांगितलं आणि मम्मीने मला, मुद्दाम.

मला कोणी म्हणेल, तू केलंस ते धाडसाचं. म्हणू नका. मी 'नाही' म्हणाले आणि त्याची किंमत पप्पांच्या पाठीने भरली. त्यांची पाठ अजून दिसते मला. बसच्या पायरीवर चढताना, एका हाताने दांडी धरून. 'नाही' म्हणणं चूक होतं का? नव्हतं. मग छाती का दुखते? दुखू दे. बरोबर वागलं की बरं वाटतं असं कोणी सांगितलं असेल तर ते खोटं सांगितलंय.

आणि तो दमणचा. तो गेलाच नाही. ते अर्धं पान मी फाडलं नाही, मला फाडवेना. ज्याला कोणीच नव्हतं त्याला मी बोट दिलं, खोकला दिला, आणि मग दारात उभा करून सोडून दिला. दोहाच्या विमानतळावर तो मला दिसतो. पासपोर्टच्या रांगेत, पांढऱ्या पँटीत. त्याच्याबरोबर एक मुलगी असते. ती माझ्याच वयाची, माझ्याच तोंडवळ्याची. त्याची नात. तिच्या हातात लालसर पासपोर्ट असतो, ती पटकन पुढे जाते, तिला कोणी काही विचारत नाही. ती लंडनला शिकली. तिचे पप्पा तलावाकाठी बसून पेपर वाचतात. मला तिचा राग येत नाही. मला तिची भीती वाटते. कारण ती माझ्यापासून अर्ध्या पानावर होती. पेन एकदाही अडलं नव्हतं.

त्या म्हाताऱ्याचाही अपमानच झाला होता, हे मला फार उशिरा कळलं. मेल्यावर त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला कुठल्या तरी परक्या देशात, रेस्टॉरंटवरच्या ऑफिसाच्या खणात पडला होता. जो मागेल त्याचा बाप व्हायला. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

मी दोहातच राहून, बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. केलं. इतिहास घेतला. फरीज बिन ओमरान वस्तीतल्या एका छोट्या ऑफिसात नोकरी केली आणि रात्रंदिवस वाचलं. कोण कुठल्या देशाचा माणूस, हे कोण ठरवतं, कधी ठरवतं, कशावरून ठरवतं. आजा दोन हजार सहाला गेला, बागेतच, हातात पाण्याचा पाइप. मी मातीला पोचू शकले नाही. पप्पा दोन हजार आठला निवृत्त झाले. सतरा वर्षं राहिलेल्या देशाने त्यांचा परवाना रद्द करून ठरावीक दिवसांत निघायला सांगितलं. हा तर नियमच आहे, सगळ्यांना लागू. ते वसईला जाऊन बाग बघायला लागले. मी इथे राहिले, माझ्या स्वतःच्या व्हिसावर.

त्याच वर्षी मला युरोपातल्या एका विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला. विषय हाच, नागरिकत्व. अर्जासोबत एक पान जोडायचं होतं, तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे. ऑफिसातला एक चांगला माणूस म्हणाला, आडनावाचा उपयोग कर, 'पोर्तुगीज वारसा' असं काही तरी घाल, त्यांना आवडतं. मी घातलं नाही. मी दमणच्या म्हाताऱ्याची गोष्ट लिहिली. माझं अर्धं पान कबूल केलं. आजाचं लिहिलं.

विद्यापीठाने ते घेतलं. व्हिसाच्या खिडकीत मात्र एक तरुण बाई बसली होती. तिने माझा भारतीय पासपोर्ट उघडला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"पोर्तुगीज?" तिने विचारलं.

"नाही."

"पण हे नाव—"

"माझं आहे."

"तुमचं कुटुंब मूळ कुठलं?"

"वसई."

तिने मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. काही लिहिलं नाही. मी म्हणाले, लिहा. ती म्हणाली, गरज नाही. मी म्हणाले, तुम्ही विचारलंत, मी सांगितलं, आता लिहा. आवाज चढवला नाही. मागे रांग होती, लोक चुळबुळ करायला लागले, कोणी तरी 'यल्ला', चला लवकर, म्हणालं. मी हलले नाही. पंधराव्या वर्षी मी थँक यू म्हणून खाली बघितलं होतं. आता मी तिच्याकडे बघत उभी राहिले. शेवटी तिने पेन उचललं आणि कागदाच्या कडेला लिहिलं. मी ते काचेतून वाचून खात्री केली, मगच बाजूला झाले.

व्हिसा मिळाला नाही. पत्र आलं, परत जाण्याचा हेतू पटत नाही. परत कुठे, ते पत्रात नव्हतं.

पप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ते पान काढून टाक बाय. साधं काय तरी लिव."

मी नाही म्हणाले. त्यांना दुसऱ्यांदा. त्यांच्या श्वासावरून मला कळलं की लागलं.

विद्यापीठाने जागा एक वर्ष राखून ठेवली आहे. पुढच्या महिन्यात मी पुन्हा अर्ज करणार. तेच पान जोडणार, एक शब्द न बदलता. नाकारला तर तिसऱ्यांदा करणार. मला त्यांच्या देशात शिकायला जायचंय आणि मी जाणार, पण कोणाची नात होऊन नाही आणि कोणाला पुरून नाही. जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा सांगेन, आणि लिहून घेतल्याशिवाय खिडकीवरून हटणार नाही.